मेगावॉट छोटे, पण नदी किती किलोमीटर कोरडी?

छोटा जलविद्युत प्रकल्प म्हटलं की आपल्याला लगेच बरं वाटतं, मोठं धरण नाही, गावं उठत नाहीत, धूर नाही, म्हणजे ग्रीन एनर्जीच. आपल्याकडे २५ मेगावॉटपर्यंतचा प्रकल्प छोटा धरतात आणि केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे २५ च्या आतल्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे आघाताचा अभ्यास नाही आणि जनसुनावणीही नाही. कर्नाटकात २४.७५ मेगावॉटचे प्रस्ताव का येतात ते यावरून कळतं. पण माशाला मेगावॉटशी काय देणंघेणं? त्याला वाहतं पाणी लागतं, किती किलोमीटर आणि कुठल्या महिन्यात, एवढाच प्रश्न असतो.

हे चालतं कसं बघा. डोंगरातल्या उपनदीवर बंधारा घालायचा, तिथून पाणी कालव्यात नाहीतर बोगद्यात वळवायचं, डोंगराच्या कडेने लांब नेऊन मोठ्या पाइपातून खाली सोडायचं, टर्बाइन फिरलं की पाणी परत नदीत. सेकंदाला १००० लिटर पाणी १०० मीटरवरून पाडलं तरी लॉस धरून साधारण ०.८ मेगावॉटच मिळतात, म्हणून उंची मिळवायला पाणी लांबवर न्यावंच लागतं. पाणी परत नदीत सोडतो हे खरंच आहे, फक्त बंधारा ते वीजघर या मधल्या पट्ट्याला ते मिळत नाही आणि पावसाळा सरला की तिथे नुसते दगड आणि मधेमधे साचलेली डबकी उरतात.

दक्षिण कन्नड जिल्ह्यात नेत्रावतीच्या उपनद्यांवर संशोधक सुमन जुमानी आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं, दोन उपनद्या प्रकल्पवाल्या आणि एक मोकळी, तुलनेसाठी. प्रकल्पवाल्या नद्यांमध्ये प्रवाहाची रुंदी आणि खोली बदलली, पाण्याचं तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजनही बदलला, आणि त्याबरोबर माशांच्या जातींचं गणितही. यातलं तापमान आणि ऑक्सिजन एकमेकांना बांधलेले आहेत, २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. उथळ डबक्यात मार्च-एप्रिलच्या उन्हात मासा एकीकडे तापतो आणि दुसरीकडे गुदमरतो, वर त्याला पकडणं अगदी सोपं.

आता सह्याद्रीतले मासे कसे आहेत तेही बघा ना. मळ्या मासा तोंडाखालच्या चकतीने दगडाला धरून जोरदार धारेत टिकतो आणि दगडावरचं शेवाळ खातो, ती धारच गेली तर त्याचं घर गेलं. महासीर या मोठ्या माशाला उन्हाळा काढायला नदीतले खोल डोह, म्हणजे कोंड, लागतात आणि अंडी घालायला वाळू-गोट्यांचा स्वच्छ तळ, आणि बंधाऱ्यामागे नेमके तेच गोटे अडून राहतात. कोकणातल्या कुणालाही वलगणीचे मासे माहीत आहेत, पहिल्या पावसात पाणी चढलं की मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात. बंधारा दोन-चार मीटरचा असला तरी त्यांच्यासाठी ती भिंतच. काही प्रकल्प दिवसभर पाणी साठवून संध्याकाळी विजेची मागणी वाढली की सोडतात, मग खालची नदी रोज चढते आणि उतरते, काठाजवळ घातलेली अंडी उघडी पडतात.

पश्चिम घाटात गोड्या पाण्यातल्या माशांच्या २९० जाती आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात धरल्या होत्या आणि एक तृतीयांशाहून जास्त धोक्यात निघाल्या. बऱ्याच जाती फक्त इथल्याच, काही तर एकाच नदीखोऱ्यातल्या. म्हणून एका प्रकल्पाचा हिशोब पुरत नाही. एकाच नदीवर एकामागे एक चार झाले तर प्रत्येकजण कागदावर छोटाच राहतो आणि मोकळा पट्टा कुठेच उरत नाही.

उपाय म्हणून किमान प्रवाह सांगतात. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नद्यांमध्ये उन्हाळी सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के तरी पाणी ठेवायला सांगितलं. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण उन्हाळ्यातलं आधीच थोडं असलेलं पाणी आणि त्याचे १५ टक्के, त्यात कोंड भरत नाहीत, आणि जून-जुलैत मासा वर चढायला जो लोंढा लागतो त्याचा यात विचारच नाही.

दुसरा उपाय म्हणजे हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, मासे वाढवून नदीत सोडणे, हा मला जास्त धोकादायक वाटतो. कावेरीत लोणावळ्याच्या हॅचरीतला, मूळ आपल्या दख्खनमधला महासीर सोडला गेला, तो तिथे वाढला आणि कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महासीर मागे पडत गेला. त्या माशाची नेमकी ओळख २०१८ मध्ये पटली, त्या टीममध्ये पुण्याचे मासे-अभ्यासक नीलेश डहाणूकर होते, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. १९४६ मध्ये कावेरीच्या काबिनी या उपनदीत ५४ किलोचा मिळालेला मासा याच जातीचा!

मी छोट्या जलविजेच्या विरोधात नाही. पानशेत, वरसगावसारख्या आधीच बांधलेल्या धरणांच्या पायथ्याशी वीजघरं आहेत, पाणी तसंही सोडायचंच असतं, नदीचा नवा तुकडा सुकत नाही. कालव्यांवरही असं करता येतं. या जागा आधी वापराव्यात, आणि मोकळ्या उपनदीवर प्रस्ताव आलाच तर मेगावॉट किती याच्या आधी किती किलोमीटर नदी कोरडी पडणार, कुठल्या महिन्यांत, आणि त्याच नदीवर आधीचे किती प्रकल्प आहेत हे गावात सगळ्यांसमोर सांगावं लागेल असा नियम हवा, मग तो प्रकल्प ५ मेगावॉटचा असो की २४.७५ चा.