उठून उभा राहिला, तरी मैदानाबाहेरच

१७ ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, कानाखाली आदळला आणि तो तिथंच आडवा झाला. डॉक्टरांनी तपासलं, चाचण्यांत तो पास झाला, परत फलंदाजीला आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकं दुखत होतं, गुंगी जात नव्हती. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटीतला तो पहिला कन्कशन सबस्टिट्यूट, मेंदूला हादरा (कन्कशन) बसलेल्याच्या जागी उतरलेला बदली खेळाडू.

म्हणजे चेंडू थेट डोक्यावर न बसताही मेंदूला हादरा बसला, आणि तो कळला रात्र उलटल्यावर. दिमतीला डॉक्टर असताना ही गत. शाळेच्या मैदानावर तर पी.टी.चे सर आणि बर्फाची पिशवी, एवढीच सोय असते.

मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यानं थांबलं किंवा गर्रकन फिरलं, की तो मागाहून हलतो, पिळवटतो आणि चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा बसवायला भरपूर ग्लुकोज लागतं, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. ही ओढाताण काही दिवस चालते. सीटी स्कॅनमध्ये ती दिसत नाही. स्कॅन शोधतो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून लगेच प्रॅक्टिसला पाठवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. हेल्मेटचंही तसंच. दहीहंडीतल्या वरच्या थरावरच्या पोराची कवटी ते वाचवतं, आणि ते थोडंथोडकं नाही. पण आतला हादरा ते थांबवू शकत नाही.

खरी भीती पहिला हादरा सावरण्याआधी बसणाऱ्या दुसऱ्या माराची. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेड २००६ मध्ये फुटबॉल (त्यांचा, हेल्मेटवाला) खेळताना डोक्यावर आपटला. थोडा वेळ बसला आणि पुन्हा खेळायला गेला. सामना संपताच कोसळला. मेंदूवरचा दाब कमी करायला डॉक्टरांना कवटीचे भाग काढावे लागले. जीव वाचला, पण बोलणं-चालणं नव्यानं शिकावं लागलं. त्याच्या नावानं २००९ मध्ये कायदा झाला: नुसती शंका आली तरी मूल बाहेर, आणि वैद्यकीय जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले.

या कायद्याचं शहाणपण मला ‘शंका’ या शब्दात वाटतं. कारण मुलं लपवतात. उद्या फायनल असेल तर कोण सांगेल, सर, मला गरगरतंय? बहुतेकांची शुद्धही हरपत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं. घरच्यांनी बारकाईनं बघावं: तोच प्रश्न पुन्हा विचारतोय का, उजेड सहन होत नाही का, उगाच चिडतोय का, स्कोअर आठवतोय का.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा, हा सल्ला आता मागे पडलाय. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, घरातल्या घरात फिरणं चालतं. मग आधी शाळा, नंतर खेळ; तोही पायरीपायरीनं, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. मोठी माणसं बहुधा दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना महिनाही लागतो.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी, डोळ्यांची एक बाहुली मोठी-एक लहान, हातापायांत अशक्तपणा, मान दुखणं किंवा जागं करूनही नीट जागं न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. आणि ‘डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका’ असं आजी म्हणेलच. डॉक्टरांनी तपासून यातलं काही नाही असं सांगितलं असेल, तर खुशाल झोपू द्या.