रुग्णालयांची अग्नि व विद्युत सुरक्षा : कोकण किनारा

रुग्णालयाच्या इमारतीत आग लागू नये, लागली तर पसरू नये आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही वेळेत बाहेर काढता यावे, यासाठी कायद्याने व मानकांनी घातलेल्या अटींची पूर्तता म्हणजे रुग्णालयाची अग्नि व विद्युत सुरक्षा. व्यवहारात ती ‘फायर एनओसी’ (ना-हरकत प्रमाणपत्र), ‘फायर ऑडिट’, ‘फॉर्म बी’ अशा कागदांच्या नावांनीच ओळखली जाते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीला कायदा उर्वरित महाराष्ट्राचाच लागू आहे. मात्र खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याचा कातळ यांमुळे तो पाळण्याची रीत इथे वेगळी पडते.

कायदा आणि कागद

मुख्य कायदा ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा. त्याखालचे नियम २००९ चे. या कायद्याने यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. भाड्याच्या इमारतीत दवाखाना असला की ही जबाबदारी डॉक्टर आणि घरमालक यांच्यात चेंडूसारखी टोलवली जाते. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक संस्था ‘नमुना अ’ देते. पुढे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ (म्हणजेच ‘फॉर्म बी’) प्रमाणपत्र सादर करावे लागते. इमारत कशी असावी हे राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आहे. रुग्णालये त्यात संस्थात्मक इमारतींच्या ‘क’ गटात येतात आणि त्यांच्या जिन्याची रुंदी किमान २ मीटर धरली आहे, कारण त्या जिन्यावरून स्ट्रेचर वळायचे असते.

विजेच्या बाजूला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम (आधी २०१० चे, आता २०२३ चे) आणि राज्याचे विद्युत निरीक्षक आहेत. खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते आणि दर तीन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. फायरचा कागद शोधण्याची धावपळ बहुधा तेव्हाच सुरू होते. सरकारी रुग्णालयांत इमारत आरोग्य खात्याच्या ताब्यात, वायरिंग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे आणि यंत्रे पुरवठादाराच्या देखभाल करारात. एका प्लगपाशी तीन खाती भेटतात, आणि तो प्लग गरम होतो हे पहिल्यांदा कळते रात्रपाळीच्या परिचारिकेला.

हा विषय लोकांच्या तोंडी आला तो २०२१ मध्ये. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत दहा अर्भके गेली. २३ एप्रिलच्या पहाटे विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात किमान १३ रुग्ण दगावले आणि पाच दिवसांनी, २८ एप्रिलला, मुंब्र्यातील एका रुग्णालयात चार. शेवटच्या दोन घटना उत्तर कोकणातल्या आहेत. भंडाऱ्यानंतर राज्यभर ऑडिटचे आदेश निघाले होते.

‘शॉर्टसर्किट’ नावाचे कारण

आगीच्या बातमीत ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किट’ हे शब्द ठरलेले असतात. शॉर्टसर्किट हे बहुतेक वेळा गोष्टीचे शेवटचे पान असते. पहिले पान असते ढिला जोड.

समजा एसीच्या वायरचा लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) नीट आवळलेला नाही आणि त्या सांध्यात ०.१ ओहम रोध तयार झाला आहे. १० अँपिअर प्रवाहाला तिथे १० वॉट उष्णता होते, २० अँपिअरला ४० वॉट. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. करंगळीच्या पेराएवढ्या जागेत ४० वॉट म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री लावून ठेवल्यासारखेच. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडून पुरवठा तोडणारी कळ) मात्र पडत नाही, कारण तिला दिसतो प्रवाह, आणि प्रवाह वाढलेलाच नाही. इन्सुलेशन आधी पिवळे पडते, मग कडक होते, मग तडकते. ठिणगी उडते ती या सगळ्याच्या नंतर. घरचा एसी रात्री सहा-आठ तास चालतो; अतिदक्षता विभागातला तोच एसी वर्षभर दिवसरात्र चालतो, आणि पुष्कळदा घरचाच मॉडेल असतो. एका भिंतीतल्या बोर्डावर व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, वॉर्मर आणि कुणीतरी आणलेली पाणी तापवायची किटली लागते. मूळ वायरिंग केले तेव्हा त्या जागी एक दिवा आणि एक पंखा एवढाच हिशेब होता.

आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारी कळ) सगळीकडे बसवली की झाले, असाही एक गैरसमज आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी माणसाला धक्क्यापासून वाचवते, ३०० ची आगीसाठी बसवतात. पण शस्त्रक्रियागृहात किंवा व्हेंटिलेटरच्या ओळीवर ती मधेच पडली तर रुग्णाचा श्वासच थांबेल. म्हणून अशा ठिकाणी अलगीकरण ट्रान्सफॉर्मर आणि इन्सुलेशनवर नजर ठेवणारे यंत्र बसवण्याची पद्धत आहे. पहिल्या दोषाला ते यंत्र पुरवठा न तोडता नुसती सूचना देते. छोट्या शुश्रूषागृहांत ही व्यवस्था क्वचितच दिसते.

खारी हवा

किनाऱ्यापासून काही किलोमीटर आतपर्यंत वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि पॅनेलच्या आत, बसबारवर (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर), लगवर बसतात. मीठ हवेतली ओल ओढून घेते. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते स्वतःच विरघळते. जानेवारीत हा थर कोरडा, निरुपद्रवी. जुलैत आर्द्रता दिवसेंदिवस त्या रेषेच्या वर असते, थर ओला होतो आणि त्यातून वीज झिरपू लागते. आषाढात पॅनेलचे दार उघडले की आत बारीक ‘चर्र’ आवाज येतो, तो बहुतेक हाच.

जिन्याखालचे पॅनेल उघडून पाहावे. पत्र्याला तळाशी गंजाची खपली, तांब्याच्या लगवर हिरवट काळी कळा, केबल आत येते त्या भोकाला ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारे बूच) नाही, कापडाचा बोळा कोंबलेला. दोन बसबारच्या मध्ये वाळून कागदासारखी झालेली पाल. पाल, उंदीर आणि मुंग्या ही इथल्या विद्युत दोषांची हसण्यावारी नेऊ नयेत अशी कारणे आहेत. पाल दोन फेजना एकदम चिकटली तर फ्लॅश होण्याला तेवढे पुरते. पाना लावला की चांगला दिसणारा नटसुद्धा पाव फेरा फिरतो. तो पाव फेरा कुठल्याच प्रमाणपत्रावर नसतो.

उपाय माहितीचे आहेत: कलई केलेले लग, रबरी गास्केट असलेले बंद पॅनेल, प्रत्येक केबलला ग्लँड, आणि भार चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने पाहणी. भार नसलेले पॅनेल कॅमेऱ्यात गार आणि निर्दोष दिसते, म्हणून पाहणीची वेळ दुपारची, सगळे एसी चालू असतानाची हवी.

जांभा आणि अर्थिंग

कोकणातल्या नव्या इमारती पुष्कळदा सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) बांधल्या जातात, कारण शेतीची जमीन खाली आणि मोकळी जागा वर. सड्याचा जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात त्यात खणलेल्या खड्ड्याची अर्थिंग (यंत्रात आलेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी) उत्तम लागते. एप्रिल-मेमध्ये तोच खड्डा खडखडीत कोरडा होतो आणि रोध कितीतरी पटींनी चढतो. मग यंत्राच्या धातूच्या अंगात आलेली वीज जमिनीत जायला वाट शोधत राहते.

जुन्या पद्धतीत खड्ड्यात कोळसा आणि मिठाचे थर देऊन जीआय पाइप पुरतात. मीठ रोध कमी करते आणि पाइपही खाते. खड्ड्यावरच्या फनेलमधून उन्हाळ्यात पाणी ओतायचे असते. ते काम शिपायाचे की माळ्याचे हे ठरलेले नसते, त्यामुळे फनेलमध्ये पालापाचोळा साठतो. विद्युत नियमांचा संकेत असा आहे की अर्थिंगचा रोध कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी मोजावा. उलट इन्सुलेशनची खरी परीक्षा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावून भर पावसात. म्हणजे अर्थिंगसाठी मे, इन्सुलेशनसाठी जुलै. ‘नमुना ब’च्या दोन महिन्यांपैकी जानेवारी असा आहे की त्यात दोन्ही आकडे बरे येतात. फाइलमध्ये जानेवारीचेच आकडे ठळक दिसतात, यात नवल नाही.

कोकणात घरोघरी मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी होते: लाकडे, मसाले, कौले शाकारणे. जे रुग्णालय त्याच पंधरवड्यात पॅनेल झाडून घेते, लग आवळते, खड्ड्यात पाणी ओतते आणि जनरेटर तासभर भारावर चालवून बघते, तिथे पुढचे चार महिने कमी फेऱ्या माराव्या लागतात, असा अनुभवी वायरमनचा हिशेब आहे.

प्राणवायू

हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. बंद खोलीत तो दोन-तीन टक्क्यांनी जरी वाढला तरी चादर, केस, प्लास्टिकची नळी झपाट्याने पेटते. मास्कच्या कडेने गळणारा प्राणवायू कपड्यांत आणि गादीत मुरतो. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही. त्यामुळे खिडक्या बंद असलेल्या अतिदक्षता विभागात हवा बदलणारा एक्झॉस्ट हा चैनीचा भाग नव्हे. सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस कधीच लावायचे नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. अल्कोहोलचा सॅनिटायझर त्याच ट्रॉलीवर ठेवू नये, हे करोनाच्या काळात विसरले गेले.

बाहेर पडण्याची वाट

रुग्णालयात सगळ्यांना एकदम खाली उतरवता येत नाही. म्हणून पद्धत आडव्या स्थलांतराची: पेटलेल्या कक्षातून त्याच मजल्यावरच्या, आगरोधक दाराने वेगळ्या केलेल्या दुसऱ्या भागात आधी न्यायचे, मग रॅम्पने किंवा जिन्याने खाली. ते दार बंद होणारे असले पाहिजे. वॉर्डबॉयच्या सोयीसाठी त्याखाली घातलेला लाकडी पाचर सगळी व्यवस्था निकामी करतो. माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतात. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील रुग्णालयात तळघरातल्या आगीचा धूर वर चढला आणि ऐंशीहून अधिक रुग्ण बहुतांश गुदमरून गेले.

कोकणात या वाटा अडवणाऱ्या गोष्टी अगदी घरगुती आहेत. वानर आत येतात म्हणून खिडक्यांना पक्की ग्रिल. पावसाची झड येते म्हणून मागच्या जिन्याला जूनपासून मेणकापड आणि पत्रे. चोरीच्या भीतीने रात्री सरकत्या जाळीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली रखवालदाराच्या कमरेला. ग्रिल काढायला कुणी सांगत नाही. प्रत्येक कक्षात एक ग्रिल बिजागरीवर उघडणारी आणि आतून खिट्टीची असली तरी पुरते. जुन्या चिरेबंदी घराचे प्रसूतिगृह झालेल्या ठिकाणी जिना एकच, तोही लाकडी आणि अरुंद. तिथे वरच्या माडीवर रुग्ण न ठेवणे हाच एकमेव प्रामाणिक उपाय आहे.

विझवण्याच्या साधनांत कोरड्या पावडरचा एबीसी सिलिंडर सर्वत्र टांगलेला असतो. विजेच्या आगीवर तो चालतो, पण पावडर यंत्रांत आणि फुप्फुसांतही जाते. यंत्रांजवळ कार्बन डायऑक्साइडचा किंवा स्वच्छ वायूचा सिलिंडर बरा. मात्र कार्बन डायऑक्साइड लहान बंद खोलीत रुग्णासकट फवारायचा नसतो. खाऱ्या हवेत सिलिंडरचा तळ आधी गंजतो. तपासणीची चिठ्ठी वर चिकटवलेली असते, म्हणून तळाकडे कुणाचे लक्ष जात नाही.

सराव बहुधा अग्निशमन सप्ताहात, १४ ते २० एप्रिल दरम्यान, होतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्याची ती आठवण. सराव सकाळी अकराला होतो, सगळे डॉक्टर हजर असताना. भंडारा आणि विरार दोन्ही घटना रात्रीच्या होत्या.

पूर, वादळ, जनरेटर

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडातल्या काही गावांची वीज कित्येक आठवडे घालवली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले, एका कोविड रुग्णालयातही शिरले, आणि तिथले आठ रुग्ण दगावले. जनरेटर आणि मुख्य पॅनेल तळमजल्यावर ठेवणे स्वस्त आणि सोयीचे असते. किनाऱ्यावरच्या आणि खाडीकाठच्या गावांत ती दोन्ही आठवणीतल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेच्या वर हवीत. वादळी दिवसांत माडाची झावळी तारेवर पडून न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटला, तर २३० व्होल्टच्या यंत्राला ४०० च्या आसपास दाब बसू शकतो. वीज पुन्हा आल्यावर सर्व यंत्रे एकदम चालू न करता एकेक करावीत, हे सांगणारा कागद पॅनेलजवळ लावलेला असावा.

बंब आणि पाणी

अग्निशमन केंद्रे नगर परिषदांच्या गावी किंवा लोटे-परशुराम, महाड यांसारख्या औद्योगिक वसाहतींजवळ. आडगावच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत बंब यायचा तर घाटवळणे आणि चिऱ्याच्या गडग्यांमधला अरुंद रस्ता. पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) तर तो येतच नाही. तोवरची वेळ आपल्या टाकीवर काढावी लागते. त्यासाठी गच्चीवरच्या टाकीत आगीचा साठा वेगळा राखतात: नळाला पाणी देणारी तोटी टाकीच्या मध्यावर, आगीच्या पंपाची तळाशी, म्हणजे नळ कोरडे पडले तरी खालचा साठा शिल्लक राहतो. मे महिन्यात विहिरी आटतात, टँकर दिवसाआड येतो, वॉर्डातले संडास कोरडे पडतात आणि कुणीतरी प्लंबर बोलावून नळाची तोटी टाकीच्या तळाशी घेतो. ऑडिट करणाऱ्याने पंप चालवून पाहण्याआधी गच्चीवर जाऊन एवढी एक जोडणी पाहून यावी.