फलनक्षमता व टिकाऊपणासाठी गायींची आनुवंशिक निवड

वेळेवर गाभण राहणाऱ्या आणि पुष्कळ वेते देऊनही धडधाकट असणाऱ्या गायींच्या वंशातून पुढची कालवड व वळू राखण्याची पद्धत. मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत तिला शास्त्रीय रूप आले, कारण तिथे दरवर्षीचे वासरू हेच गायीचे उत्पन्न. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याची तापी खिलार ऊर्फ ठिलारी गायही दुधासाठी नव्हे, गोऱ्ह्यांसाठी पाळली जाते. त्यामुळे हिशेब तोच.

पहिले वेत चार वर्षांची झाल्यावर आणि पुढे दर 15 महिन्यांनी एक, या गतीने गाय बारा वर्षांची होईतो सात वेळा विते. अंतर 20 महिन्यांचे झाले तर पाचच वेळा. गाभणकाळ सुमारे 285 दिवसांचा असल्याने वर्षाला वेत हवे तर व्याल्यानंतर 80 दिवसांच्या आत गाय फळली पाहिजे. त्यातले 45 ते 60 दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात आणि माज 21 दिवसांनी येतो. म्हणजे संधी एक, फार तर दोन.

अडचण अशी की वेतांतील अंतराची आनुवंशिकता, म्हणजे गायी-गायींतल्या फरकाचा वंशातून येणारा वाटा, फार कमी, साधारण 5 ते 10 टक्के. बाकीचा फरक चारा, ऊन, रोग आणि हुकलेला माज यांतून पडतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा माज मुका राहतो, म्हणजे बाहेर दिसत नाही, आणि फळलेली गायही उलटते, म्हणजे गर्भ न टिकता पुन्हा माजावर येते. अशा एका हंगामावरून वंशाला दोष देणे चूक. त्याच गोठ्यातल्या, त्याच चाऱ्यावरच्या इतर गायी फळल्या आणि हीच दोन-तीन वेतांत मागे राहिली, तरच तिची कालवड पैदाशीला ठेवू नये.

टिकाऊपणाचा निकाल फार उशिरा लागतो. अमेरिकेत रेड अँगस या मांसाच्या जातीसाठी 1995 पासून, वळूच्या लेकी सहा वर्षांच्या होईपर्यंत कळपात टिकण्याची शक्यता वळूनिहाय काढली जाते. हा मापदंड ठिलारीला जसाच्या तसा लागू पडत नाही. सहाव्या वर्षी तिचे जेमतेम दुसरे वेत असते. इथे दहाव्या वर्षाचा निकष ठेवणे बरे. तोवर आई-आजीची वेते, खुरांची ठेवण, चालण्यातला सरळपणा आणि कासेची घट्ट बांधणी यांवर भिस्त ठेवावी. सड फार जाड असले तर नवजात वासराला ते तोंडात धरता येत नाहीत.

निवडीचा खरा जोर वळूवर हवा, कारण एका वळूची वासरे गावभर होतात. अंडकोशाच्या घेराची आनुवंशिकता 40 टक्क्यांच्या आसपास असते आणि मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी लवकर माजावर येतात. दोन्ही अंड खाली ओढून सर्वांत रुंद जागी टेप लावावी. तुलना एकाच वयाच्या, एकाच खुराकावरच्या वळूंची करावी. परदेशी जातींचे आकडे इथे लावू नयेत. कापसाच्या पट्ट्यात वळूला सरकी सढळ हाताने घातली जाते. तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे वीर्य बिघडू शकते आणि दोष मात्र गायींच्या माथी येतो.

परदेशी कळपांत 60 ते 90 दिवसांच्या रेतन हंगामात न फळलेली गाय कत्तलीला जाते; निवड तिथेच होते. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गोहत्याबंदी असून 2015 मध्ये बैल-वळूही तिच्या कक्षेत आले. भाकड गाय गोठ्यात राहते नाहीतर गोशाळेत जाते. म्हणून खानदेशात निवड वासरापासूनच करावी लागते. कोणती कालवड राखायची आणि कोणता गोऱ्हा वेळीच खच्ची करायचा, हे ठरवणे महत्त्वाचे. बाजारात मात्र देखण्या, उंच गोऱ्ह्याला भाव मिळतो आणि तोच वळू म्हणून राखला जातो, मग त्याची आई दोन वर्षांनी एकदा विणारी का असेना.

नोंदवहीत 12 अंकी कानबिल्ल्यासमोर माजाची, रेतनाची व विण्याची तारीख, वळूचे नाव आणि वार (झार) अडकली होती का, एवढे लिहिले तरी पुरते. गावचा वळू तीन वर्षांच्या आत बदलावा. त्यानंतर त्याच्याच कालवडी माजावर येऊ लागतात. बाप-लेकीच्या मीलनातून झालेल्या वासरात 25 टक्के अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचे माप) असते आणि त्याचा पहिला फटका फलनक्षमतेलाच बसतो.