पाण्याचा कूलर आणि उड्या मारणारं तापमान

‘कॉम्प्युटरला लिक्विड कूलर लावला की प्रोसेसर थंडगार राहतो, तापमान उड्या मारत असेल तर कूलर गेला,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यापायी लोक चांगले कूलर बदलतात, याचं वाईट वाटतं. लिक्विड कूलर म्हणजे पंपानं पाणी फिरवून प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपची, उष्णता काढून नेणारं यंत्र.

ब्राउझर उघडताच ४५ अंशांवरून ६५ वर गेलेला आकडा सेकंदाभरात खाली येतो. पाणी इतक्या झपाट्यानं तापत नाही आणि निवतही नाही. ही उडी चिपची असते. प्रोसेसर क्षणभर वेग आणि व्होल्टेज वाढवतो, आणि नखाएवढ्या चिपमधली उष्णता धातूच्या झाकणातून पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. २०२२ साली आलेला एएमडी कंपनीचा रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालावा अशीच त्याची रचना आहे.

शिवाय रेडिएटर, म्हणजे कूलरची पंखे लावलेली जाळी, पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. नागपुरात मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर पाणी त्याच्या वरच राहणार.

या उड्यांमुळे पंखे सारखे घोंघावत असतील तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) त्यांना काही सेकंदांचा विलंब द्या.

खरा बिघाड वेगळा दिसतो. काहीही काम चालू नसताना तापमान मिनिटामिनिटाला चढत जातं आणि उतरत नाही. तेव्हा आधी पंपाचे फेरे बघा. शून्य दिसले तर वायर तपासा. पंप फिरतोय, तरी तापतंय? मग कूलर काढून तळाची प्लास्टिकची फिल्म राहिली नाही ना, हे पाहा आणि नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) लावा.