मायटोकाँड्रिया बॅक्टेरियातून आला, मग केंद्रक व्हायरसमधून आलं का?

आमच्या नाशकात कांद्याला काय तोटा, त्यामुळे प्रॅक्टिकलला कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड सगळ्यांनीच केलेली असते. सॅफ्रानिनचा थेंब टाकला की विटांसारख्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका, तेच केंद्रक, पेशीचा डीएनए असतो ती जागा. परवा भाची गंगापूर रोडच्या क्लासवरून आली आणि म्हणाली, "मामा, पेशीत आधी बॅक्टेरिया घुसला त्याचा मायटोकाँड्रिया झाला, मग व्हायरस घुसला त्याचं केंद्रक झालं, असंच ना?" म्हटलं, अगं, पहिलं पक्कं आहे, दुसरं अजून नुसता अंदाज आहे, दोन्ही एका दमात सांगू नकोस.

मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचं, प्रकरण जवळपास मिटलंय. १९६७ साली अमेरिकेच्या जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी ते जोरात मांडलं तेव्हा फार जणांना पटलं नव्हतं, पण पुरावा त्या मायटोकाँड्रियातच बसलाय. माणसाच्या मायटोकाँड्रियात आजही वेगळा गोल डीएनए आहे, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा, आणि प्रोटीन बनवणारे रायबोसोमही बॅक्टेरियाच्या वळणाचे. जनुकं ताडून बघितली की नातं थेट बॅक्टेरियाच्याच एका कुळाशी जुळतं.

केंद्रकाचं तसं नाही. २००१ साली ऑस्ट्रेलियात फिलिप बेल आणि जपानमध्ये मासाहारू ताकेमुरा यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की केंद्रकाचा पूर्वज एखादा मोठा डीएनए व्हायरस असेल, म्हणजे त्याने जुन्या आर्किया (बॅक्टेरियासारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव) पेशीत ठाण मांडलं आणि हळूहळू कारभारच हातात घेतला. ऐकायला अचाट वाटतं, मलाही वाटलं होतं, पण २०१७ मध्ये जे दिसलं ते खरंच विचार करायला लावणारं आहे. स्यूडोमोनास बॅक्टेरियात घुसणारा एक व्हायरस आत प्रोटीनचं कवच बांधतो, डीएनएच्या प्रती कवचाच्या आत, आरएनए पण आतच बनतो, आणि रायबोसोम मात्र बाहेर, प्रोटीन तिकडेच तयार होतात. केंद्रक नेमकी हीच वाटणी करतं! बॅक्टेरियात एरवी सगळं एकाच खोलीत चालतं. शिवाय जपानच्या गरम झऱ्यात सापडलेल्या मेडुसाव्हायरसकडे डीएनए गुंडाळायचे पाचही प्रकारचे हिस्टोन प्रोटीन निघाले.

पण साम्य म्हणजे वंश नाही. त्या व्हायरसचं कवच प्रोटीनचं, आपल्या केंद्रकाला चरबीचा दुहेरी पडदा आणि तो बाजूच्या ईआरला (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याला) सलग जोडलेला. हिस्टोन व्हायरसने पेशीकडून उचलले असतील असंही होऊ शकतं, व्हायरस अशी उचलाउचल सर्रास करतात. आणि मायटोकाँड्रियासारखी वेगळी उरलेली जनुकांची पोथी केंद्रकात नाही, कारण तिथे आता सगळ्या पेशीचीच पोथी आहे. माझ्या मते खरी अडचण हीच.

भाचीने विचारलं, मग व्हायरसने आपल्याला काहीच दिलं नाही का? दिलंय की, वारेत लागणारं सिन्सिटिन प्रोटीन रेट्रोव्हायरसच्या (आपली जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवणाऱ्या व्हायरसच्या) जनुकातून आलंय आणि ते सिद्ध झालंय, पण ते केंद्रक तयार झाल्यानंतर खूपच उशिरा.