९.३ × ६२ मिमी. काडतूस

मोठ्या सावजाच्या शिकारीसाठी वापरले जाणारे मध्यम बोअरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे) रायफल काडतूस. बर्लिनमधील बंदूककार ओटो बॉक यांनी ते १९०५ मध्ये तयार केले. नावातील ९.३ हा आकडा गोळीचा व्यास दाखवतो, तर ६२ हा पितळी केसची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मध्यम बोअर कशाला म्हणायचे याची सर्वमान्य व्याख्या नाही. ढोबळमानाने ८.५ ते १० मिमी. व्यासाची काडतुसे या गटात धरतात. त्याखाली हरणांसाठीच्या रायफली येतात, त्यावर हत्तींसाठीच्या.

काडतुसाचा जन्म बर्लिनमध्ये झाला असला तरी गरज आफ्रिकेतली होती. जर्मन पूर्व आफ्रिका (आजच्या टांझानियाचा बराचसा भाग) आणि जर्मन नैर्ऋत्य आफ्रिका (आजचा नामिबिया) या वसाहतींत गेलेल्या शेतकऱ्यांपुढे हरणांपासून रानरेड्यांपर्यंत सगळीच जनावरे येत. लष्करी ८ × ५७ मिमी. काडतूस हरणांना पुरे पडे. अंगावर आलेल्या रानरेड्यापुढे त्याचा भरवसा नव्हता. ब्रिटिश दुनळी रायफली उत्तम, पण त्या श्रीमंतांच्या. माउझर ९८ ही बोल्ट रायफल (हाताने दांडा मागेपुढे करून काडतूस भरायची) मात्र मजबूत होती आणि स्वस्तातही मिळत असे. बॉक यांनी ती रायफल न बदलता तिच्यात मावेल तेवढे दांडगे काडतूस बेतले. केसच्या पेंद्याचा व्यास लष्करी काडतुसाएवढाच, सुमारे १२ मिमी. ठेवला. ८ × ५७ ची एकूण लांबी सुमारे ८२ मिमी., तर नव्या काडतुसाची ८४ मिमी.च्या आतच राहिली. त्यामुळे बोल्टचे तोंड बदलावे लागले नाही आणि मॅगझिनमध्ये पूर्वीसारखीच पाच काडतुसे बसू लागली. या काडतुसाचे खरे कर्तृत्व या काटकसरीत आहे. निव्वळ ताकदीत त्याला मागे टाकणारी काडतुसे तेव्हाही होती.

मूळ काडतुसात १८.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मी. वेगाने सुटत असे. पुढे काडतुसातली स्फोटक दारू सुधारली आणि हा वेग ७२० मी.च्या आसपास गेला. नळीच्या तोंडाशी ऊर्जा भरते सुमारे ४,८०० जूल. १९१२ मध्ये आलेले .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम (.३७५ म्हणजे इंचातला व्यास) हे या वर्गातले सर्वांत नावाजलेले ब्रिटिश काडतूस. त्याची १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मी. वेगाने जाते आणि ऊर्जा ५,७०० जूलच्या वर पोहोचते. कागदावर ब्रिटिश काडतूस सरस ठरते, यात वाद नाही. पण गोळी मांसात किती खोल जाईल हे ऊर्जेवर ठरत नाही. गोळीची बांधणी आणि व्यासाच्या मानाने तिचे वजन, म्हणजेच छेदघनता, यांना तिथे जास्त महत्त्व असते. या दोन गोळ्यांची छेदघनता जवळपास सारखीच, ०.३०५ आहे. शिवाय .३७५ ला लांब अ‍ॅक्शनची (काडतूस भरण्या-काढण्याच्या यंत्रणेची), म्हणून जड आणि महाग रायफल लागते. धक्काही अधिक बसतो. धक्क्याच्या धास्तीने शिकारी घोडा झटक्यात ओढू लागला, की जादा ऊर्जेचा उपयोग उरत नाही.

मध्यम वेगाच्या जड गोळीचे दोन फायदे शिकारी आवर्जून सांगतात. पहिला मांसाचा. अतिवेगवान हलकी गोळी जवळून हाडावर बसली तर तिचे तुकडे उडतात आणि आजूबाजूचे मांस रक्ताळून वाया जाते. जड, संथ गोळीने हे नुकसान सहसा कमी होते. दुसरा फायदा मागाचा. रुंद गोळी बहुधा आरपार जाते आणि दोन्ही बाजूंनी रक्त सांडत असल्याने दाट झाडीत जखमी जनावर शोधणे सोपे होते. या काडतुसाने जनावर जागीच कोसळते, अशी ख्याती मात्र जपून घ्यावी. गोळी काळजात किंवा फुप्फुसात बसली नाही, तर कुठलेच बोअर ती चूक भरून काढत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या वसाहती गेल्या आणि आफ्रिकेत .३७५ चा दबदबा वाढत गेला. तरी ९.३ युरोपात टिकून राहिले. स्वीडन, फिनलंडमध्ये मूसच्या (थंड प्रदेशातले मोठे हरीण), तर जर्मनीत रानडुकरांच्या हाक्याच्या शिकारीत ते आजही दिसते. जर्मन कायद्यानुसार रानडुकरासाठी किमान ६.५ मिमी. व्यास आणि १०० मी. अंतरावर २,००० जूल ऊर्जा लागते, ९.३ तिथे जवळजवळ दुप्पट ऊर्जा देते. हाक्यात रायफल झटकन खांद्याला लावावी लागते, म्हणून आखूड नळी पसंत करतात. मोठ्या मॅग्नम (जादा दारूच्या) काडतुसांच्या तुलनेत ९.३ चा वेग आखूड नळीत फारसा घटत नाही. शिसेविरहित गोळ्यांचा आग्रह वाढल्यावरही रुंद बोअरला फायदा झाला. तांबे शिशापेक्षा हलके असते आणि कमी पसरते. गोळी मुळातच रुंद असेल तर ही उणीव कमी जाणवते.

लांब पल्ला ही या काडतुसाची खरी मर्यादा. १८.५ ग्रॅमच्या गोळीचा नेम १०० मी.वर बसवला, तर २०० मी.वर ती २० सेंमी.हून थोडी अधिक खाली लागते आणि ३०० मी.वर पाऊण मीटरच्या आसपास. उघड्या डोंगरउतारांवरच्या शिकारीसाठी म्हणूनच ते गैरसोयीचे. छोट्या हरणांसाठीही एवढी ताकद अनावश्यक.

धोकादायक जनावरांबाबत कायदाही पाहावा लागतो. झिंबाब्वेमध्ये हत्ती, पाणघोडा आणि रानरेडा यांच्यासाठी किमान ९.२ मिमी. व्यास व ५,३०० जूल ऊर्जा अशी अट आहे. ९.३ व्यासाची अट पार करते, पण नेहमीच्या काडतुसात ऊर्जेला कमी पडते. तिथल्या सिंहासाठी ४,३०० जूल पुरतात. ती अट ते सहज पुरी करते.

याच व्यासाची आणखी दोन काडतुसे प्रचारात आहेत. ९.३ × ७४ आर हे पेंद्याला बाहेर आलेली कडा असलेले, कमी दाबाचे काडतूस दुनळी आणि मोडत्या (बिजागरीवर नळी वाकवून भरायच्या) रायफलींसाठी आहे. परिणाम साधारण तोच. जर्मन काडतूसकार विल्हेल्म ब्रेनेके यांचे ९.३ × ६४ हे .३७५ च्या बरोबरीला येते, पण प्रसाराच्या बाबतीत ६२ च्या जवळपासही पोहोचले नाही. नावे सारखी असली तरी ही काडतुसे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. जुन्या ९.३ × ६२ रायफलींची पानदृष्टी (नेम धरण्याची नळीवरची पट्टी) मूळच्या संथ काडतुसासाठी बसवलेली असू शकते. अशा रायफलीत आजचे काडतूस वापरण्यापूर्वी नेम पुन्हा तपासून घेतात.