विपणन माहितीपत्रक : नियोजन आणि मांडणी

एखादी वस्तू, सेवा किंवा संस्था यांची संभाव्य ग्राहकाला ओळख करून देण्यासाठी छापलेले घडीचे पत्रक किंवा थोड्या पानांची पुस्तिका म्हणजे विपणन माहितीपत्रक. रोजच्या बोलण्यात त्याला ब्रोशरच म्हणतात. हा शब्द ‘शिवणे, टाचणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे, म्हणजे मुळात ब्रोशर ही टाचलेली चोपडी. आता एकाच कागदाला घड्या घालून केलेले पत्रकही त्याच नावाने ओळखले जाते. हँडबिल एका नजरेत संपते, कॅटलॉगमध्ये मालाची यादी असते. माहितीपत्रकाला मात्र अनोळखी माणसाला विषयाजवळ आणायचे असते, त्याच्या शंका फेडायच्या असतात आणि आता पुढे काय करायचे तेही सांगायचे असते. वाचणारा ते हातात धरून एकेक घडी उलगडतो. त्यामुळे कोणती गोष्ट त्याला कधी दिसेल, हे ठरवणे हाच मांडणीचा गाभा आहे.

नियोजनाची सुरुवात रंगापासून किंवा फोटोपासून करू नये. पत्रक कोणाच्या हाती पडणार, कुठे पडणार आणि वाचून झाल्यावर त्या माणसाने काय करावे, हे आधी कागदावर लिहून काढावे. सौर वॉटर हीटरचे उदाहरण घेऊ. घरमालकाला छतावर किती जागा जाईल आणि ढगाळ दिवसांत पाणी तापेल का, हे जाणून घ्यायचे असते. इमारत बांधणाऱ्याला नळजोडणी, वजन आणि हमी यांची माहिती हवी असते. दोघांसाठी मिळून एकच पत्रक काढले तर दोघांनाही ते अर्धेच आपले वाटते. अशा वेळी दोन वेगळी पत्रके काढणे खर्चाचे असले तरी शहाणपणाचे ठरते.

मजकूर ग्राहकाच्या प्रश्नांच्या क्रमाने लिहावा. पण बहुतेक पत्रके संस्थेच्या स्थापनेपासून सुरू होतात आणि वाचणारा तिथेच थांबतो. ‘दुहेरी आवरणाची टाकी’ हे वैशिष्ट्य झाले. ‘दिवसा तापलेले पाणी दुसऱ्या सकाळीही गरम’ हा त्याचा उपयोग. वाचकाला आधी उपयोग सांगावा आणि मग त्याला आधार म्हणून वैशिष्ट्य द्यावे. ‘सर्वोत्कृष्ट’, ‘अद्वितीय’ अशा विशेषणांपेक्षा एक खरा, पडताळून पाहता येईल असा आकडा जास्त विश्वास देतो. जो दावा सिद्ध करता येणार नाही तो छापूच नये. दर लवकर बदलत असतील तर ते वेगळ्या सुट्या कागदावर छापून आत घालावेत, म्हणजे दर बदलले तरी मूळ पत्रकाचा गठ्ठा रद्दीत जात नाही.

मांडणीचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे डमी. कोरा कागद घ्यावा, घड्या घालाव्यात, प्रत्येक भागावर पेन्सिलीने क्रमांक टाकावा आणि अनोळखी माणसासारखे ते पत्रक उघडून पाहावे. ए४ कागदाची तीन भागांची, आत मिटणारी घडी सर्वांत जास्त वापरली जाते. ती उघडली की डावीकडे आतला पहिला भाग आणि उजवीकडे आत दुमडलेल्या पाखाची बाहेरची बाजू, असे दोन भाग शेजारी शेजारी दिसतात. पाख उलगडल्यावरच आतले तिन्ही भाग एकत्र दिसतात. म्हणून पाखावर असे काही हवे की ते उलगडावेसे वाटेल. पत्ता-फोन तिथे टाकून ती जागा वाया घालवली जाते. त्यांची जागा मलपृष्ठावर आहे. स्टँडमध्ये ठेवायचे पत्रक असेल तर मुखपृष्ठाचा फक्त वरचा भाग दिसतो, तेव्हा मथळा तिथेच हवा.

मापातही हीच काळजी लागते. ए४ची रुंदी आडवी धरल्यास २९७ मिमी असते. तिचे ९९ मिमीचे तीन सारखे भाग केले तर आत जाणारे पाख घडीला अडते आणि कागद फुगतो. म्हणून पाख ९७ मिमी आणि उरलेले दोन भाग १०० मिमी ठेवतात. इंग्रजी Z सारख्या उलटसुलट पडणाऱ्या झेड घडीत मात्र तिन्ही भाग सारखे चालतात, कारण तिथे कोणताच भाग दुसऱ्याच्या आत जात नाही. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेत पानांची संख्या ४ च्या पटीत लागते. दहा पानांचा मजकूर हाती असेल तर तो आठात बसवावा किंवा बारापर्यंत वाढवावा.

कागद साधारण १३० ते १७० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) घेतात. त्याहून जाड कागदावर नुसती घडी घातली तर ती चिरते आणि शाईखालचा पांढरा कागद दिसू लागतो. म्हणून आधी क्रीझिंग करून घ्यावे, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडून घ्यावी. कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा रंगीत भाग, सोडावे, नाहीतर कटिंग जरा सरकले तरी कडेला पांढरी रेघ उरते. फोटो छापण्याच्या मापात इंचाला ३०० पिक्सेल भरावा. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ४ इंचांत स्वच्छ दिसतो. तोच उभ्या ए४च्या पूर्ण रुंदीवर ताणला की इंचाला १४५ पिक्सेलच उरतात आणि चेहरे धुरकट होतात. पडद्यावर हा दोष दिसत नाही, म्हणून तो छपाई झाल्यावरच कळतो.

बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. चार रंग मिसळून केलेल्या गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे ठेवली तर एखाद्या रंगाची प्लेट (छपाईचा पत्रा) केसभर सरकली तरी ती बुजतात. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे ओळींमधले अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावे लागते. दोनपेक्षा जास्त अक्षरवळणे (फॉन्ट) सहसा लागत नाहीत. मोकळी जागा दिसली की ती भरून टाकण्याचा मोह होतो, पण वाचकाची नजर त्याच जागेत विसावते.

छपाईआधीचे शेवटचे प्रूफ ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाला वाचायला द्यावे. लिहिणाऱ्याचे डोळे चूक परस्पर दुरुस्त करून पुढे जातात. प्रूफवरचा फोन क्रमांक खरोखर लावून पाहावा आणि क्यूआर कोड कागदावरूनच, प्रत्यक्ष मापात स्कॅन करावा. कोडभोवतीची कोरी चौकट मांडणीच्या नादात कापली गेली तर तो वाचला जात नाही. वाटपाच्या प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा कोड छापला तर कुठल्या पत्रकामुळे विचारणा झाली, हे पुढे कळते.

ऑफसेट छपाईत प्लेटचा खर्च एकदाच होतो, म्हणून प्रती वाढल्या की दर प्रतीचा खर्च उतरतो. थोड्या प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते. छापलेल्या पत्रकाचीच पीडीएफ ईमेलने पाठवण्याची पद्धत सर्रास आहे. पण तीन भागांच्या, आत मिटणाऱ्या पत्रकाची बाहेरची बाजू पडद्यावर सपाट उघडली की आधी पाख, मग मलपृष्ठ आणि शेवटी उजव्या टोकाला मुखपृष्ठ असा क्रम दिसतो. म्हणून पडद्यावर वाचण्यासाठी भाग सुटे करून, डमीवर टाकलेल्या क्रमांकांच्या ओळीने वेगळी फाइल तयार करावी लागते.